पार्टी अडलेली आहे

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे मिळून आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या खात्यावर बरी रक्कम जमा झाली. ती जमली रे जमली की सल्ले सुरू होतात. नणंदेचे यजमान म्हणाले, पैसे माझ्याकडे द्या, मी फिरवतो. मुलगा म्हणाला, शेअर बाजारात टाक. मी ठरवलं, नाशिकमध्येच एक छोटा फ्लॅट घ्यायचा, फक्त माझ्या नावावर, आणि भाड्यानं द्यायचा. राहतं घर आहे ते दोघांच्या नावावर आहे. हे दुसरं निव्वळ गुंतवणूक म्हणून.

इथं काही मैत्रिणींच्या कपाळाला आठी पडेल, हे मला ठाऊक आहे. आपल्या गटातच एकजण म्हणाली, "म्हणजे तू आता घरमालकीण होणार तर!" हो, होणार. १९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं, तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मांडवात मागे कुठेतरी बसलेली होते. बाईच्या नावावर मालमत्ता असली पाहिजे हे मी तिथं ऐकलं. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला, ज्या गावातले शंभर जण बायकोच्या नावे जमीन करून देतील त्या गावाला लक्ष्मीमुक्त म्हणायचं. तेव्हापासून आजपर्यंत किती शिबिरांत मी हे वाक्य म्हटलं असेल, "जिच्या नावावर घर, तिच्या अंगावर हात टाकायला विचार करावा लागतो." मग माझ्या नावावर घर घ्यायची वेळ आली तर मी का लाजू?

तेव्हा मी एजंट गाठायला निघाले. या लेखाचा विषय तो आहे.

पहिला काचेच्या दाराच्या ऑफिसातला. त्यानं थंड पाणी दिलं, भिंतीवरचा महारेराचा नोंदणी क्रमांक दाखवला आणि गंगापूर रोडवरच्या, अजून खड्ड्यातच असलेल्या एका बिल्डिंगची रंगीत पुस्तिका समोर ठेवली. त्याची दलाली बिल्डर देतो, त्यामुळे तो बिल्डरचाच माणूस. हे एकदा लक्षात ठेवलं की त्याचा त्रास होत नाही. त्याचं एक वाक्य मात्र ऐकण्यासारखं होतं. "मॅडमच्या नावावर केलं की मुद्रांकात एक टक्का वाचतो," हे त्यानं माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे बघून सांगितलं. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, ही सोय महाराष्ट्रात २०२१पासून आहे. सुरुवातीला असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती. ती २०२३ साली काढून टाकली. पन्नास लाखांच्या घरावर पन्नास हजार वाचतात म्हणून कित्येक घरं आज बायकोच्या नावावर होतात, आणि त्याच दिवशी तिच्याकडून कुलमुखत्यारपत्रावरही सही घेतली जाते. पण घर तिच्या नावावर होतं हे खरं, आणि एखादीला ते कधीतरी उपयोगी पडेल, म्हणून मी या सवलतीला नावं ठेवणार नाही.

दुसरा एजंट झेरॉक्सच्या दुकानातला. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तोच फ्लॅट तीन वेगवेगळ्या किमतींना सांगायचा.

तिसरी बाई होती. पन्नाशीची, अंगावर सुती ड्रेस, स्कूटरवर फिरणारी. तिची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून ती मला "बाई" म्हणते. नवरा गेल्यावर आधी विम्याची पॉलिसी विकायची, मग पोळ्या लाटल्या, मग एका वकिलाकडे टायपिंग केलं आणि तिथून या धंद्यात आली. तिच्याबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगते, कारण पुढे जे येणार आहे त्यावरून तुम्ही तिला वाईट ठरवाल.

तिनं मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "बाई, चांगला माल पाटीवर लागत नाही. पाटी लागते तोवर तो चार जणांनी नाकारलेला असतो. चांगल्या डीलचा फोन मी आधी कुणाला करते? ज्याचे पैसे तयार आहेत, ज्याला काय हवं ते नेमकं माहीत आहे, जो दोन दिवसांत हो की नाही सांगतो आणि जो माझी दलाली पाडून मागत नाही त्याला." मी वहीच काढली. तिनं माझ्याकडून भाग, मजला, बजेट, लिफ्ट हवी की नको, सगळं लिहून घेतलं. धंदा म्हणून हे अगदी चोख होतं, आणि ज्या मैत्रिणी स्वतःसाठी घर शोधत असतील त्यांनी हे चार मुद्दे जरूर ध्यानात ठेवावेत. मोघम बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला एजंट मोघमच घरं दाखवतो.

मग मी सहज विचारलं, "पण तुम्हाला आधी कळतं कसं, कोण विकणार आहे ते?"

ती हसली. सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाला, सोसायटीचे सेक्रेटरी. मेंटेनन्स कुणाचा थकलाय हे सेक्रेटरीला माहीत असतं. बँकेच्या लिलावाच्या जाहिराती. घटस्फोटाची कामं करणारे दोन वकील ओळखीचे, तिथं घर विकून पैसे वाटून घ्यायचे असतात. आणि रोजच्या पेपरातलं निधन वार्तेचं पान. "सकाळी चहाबरोबर तेच पहिल्यांदा वाचते, बाई. तेरावं होऊ देते, मग महिन्याभरानं जाऊन भेटते. दुःखात लगेच जात नाही मी. काही लोक दहाव्याच्या आतच जातात."

ती हे माणुसकी म्हणून सांगत होती, आणि तिच्या धंद्यात ती खरोखरच माणुसकी असावी. पण माझा वहीवरचा हात थांबला. तिच्या यादीवरून पुन्हा नजर फिरवा. नवरा मेलेली, नवऱ्यानं सोडलेली, कर्ज फेडता न आलेली. ज्याला बाजारात "चांगली लीड" म्हणतात ती बहुतेक वेळा अडलेली बाई असते. माल स्वस्त का, तर ती थांबू शकत नाही म्हणून. आपण आपल्या सल्ला केंद्रात बसून जिची वाट बघतो तीच ही.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. इंदिरानगर भागात वीस वर्षांची बिल्डिंग, दुसरा मजला, एक बेडरूम. बत्तीसच्या आसपासचा भाव, पंचवीसमध्ये बसेल. "पार्टी अडलेली आहे, बाई. उद्याच बघून घ्या."

गेलो. दार उघडलं ते चाळिशीतल्या एका बाईनं. आत अकरावीतली मुलगी पुस्तक घेऊन बसली होती, आम्हाला बघून उठून आतल्या खोलीत गेली. बोलायला दीर होते. भाऊ वर्षभरापूर्वी गेला, वहिनी आता गावी आमच्याकडे राहायला येणार, फ्लॅटवर नॉमिनी म्हणून माझं नाव आहे, सोसायटीला अर्ज दिलाय, काही अडचण नाही. पाच लाख रोख, बाकीचे चेकनं. चेक कुणाच्या नावे हे मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, त्यांच्या नावे. भावानं फ्लॅट घेतला तेव्हा त्याचं लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा भरलेला तो नॉमिनीचा कागद.

मी त्या बाईंना विचारलं, "तुम्हाला विकायचंय ना?" त्यांनी दिरांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चहा ठेवते."

मैत्रिणींनो, हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकीला यातलं कायद्याचं गणित माहीत असायला हवं, म्हणून थोडं थांबून सांगते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीनं सांभाळणारा. सहकार कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणे नॉमिनीला सोसायटीत मिळतं ते तात्पुरतं सभासदत्व, वारस ठरेपर्यंतचं. नवऱ्यानं स्वतः घेतलेला फ्लॅट, मृत्युपत्र नाही, कुटुंब हिंदू, तर १९५६च्या वारसा कायद्यानं वारस कोण? बायको, मुलगी आणि त्याची आई. तिघींना एकेक हिस्सा. दिराला काही नाही. त्यातून मुलगी सोळा वर्षांची. अज्ञान मुलाच्या वाट्याची स्थावर मालमत्ता आईलासुद्धा न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय विकता येत नाही. विकलीच, तर सज्ञान झाल्यावर ती मुलगी तो व्यवहार रद्द करून मागू शकते. म्हणजे सात लाखांनी स्वस्त मिळणारं हे घर घेणाऱ्यालाच गळ्यात पडणारं होतं.

जिना उतरताना एजंटबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अज्ञान पालनकर्ती म्हणून आईची सही घेतात की. सगळे तसंच करतात. तुम्ही नाही घेतलं तर दुसरा घेईल, बाई."

दुसरा घेईल हे अगदी खरं होतं. पण मी त्या रात्री झोपले नाही ते या कारणानं नव्हे. "चहा ठेवते" हे वाक्य मी ओळखत होते. ते मी स्वतः म्हटलेलं होतं.

माझे वडील १९९८ साली गेले. वारसाच्या नोंदीत आई, दोन भाऊ आणि मी. १९९४चा महाराष्ट्राचा कायदा, ज्यानं मुलींना वडिलार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, तो मी तेव्हा गावोगाव समजावून सांगत होते. केंद्राला तेच करायला २००५ साल उजाडलं, आणि वडील त्या दिवशी हयात असोत की नसोत, मुलीचा हक्क जन्मानंच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं निःसंदिग्धपणे सांगायला २०२० साल. आम्ही महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्या त्या काळात या कायद्याचा अभिमान बाळगायचो. आणि त्याच वर्षात एका दुपारी मी माहेरी गेले, थोरल्या भावानं हक्कसोड पत्राचा विषय काढला, सगळे गप्प झाले आणि मी उठून म्हटलं, "चहा ठेवते." दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन अंगठे उमटवले, सही केली. वहिनीनं पैठणी नेसवली. आईनं डोळे पुसले. माहेर तुटू नये, एवढंच माझ्या मनात होतं. गटात कुणालाही सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

ते शेत भावांनी २०१४ साली विकलं. व्यवहार जमवणारा एजंट आमच्याच गावचा. नंतर एका लग्नात भेटला तेव्हा कौतुकानं म्हणाला, "ताई, तुमच्यामुळं पटकन झालं. बहिणीचं हक्कसोड आधीच झालेलं होतं ना, मॅटर एकदम क्लिअर!" म्हणजे माझी सही हीसुद्धा कुणाची तरी चांगली लीड होती. वारसा कायद्याच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे वारसांपैकी एकाला आपला हिस्सा विकायचा असेल तर बरोबरच्या वारसांना तो घेण्याचा पहिला हक्क असतो. पहिला फोन बहिणीला जायला हवा. मी तर आधीच वारसांतून बाहेर पडले होते, मला कोण विचारणार?

तर मी त्या इंदिरानगरच्या बाईंकडे पुन्हा गेले, एकटी, दुपारी. वारस कोण, नॉमिनी कोण, मुलीचा हिस्सा कसा, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "परवा तुम्ही घ्यायलाच आला होतात ना? खिडक्या उघडून बघत होतात. आज हे का सांगताय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वाद घातला नाही. सल्ला केंद्राचा पत्ता एका कागदावर लिहिला, ठेवला आणि निघाले.

तीन आठवड्यांनी त्या मुलीला घेऊन केंद्रात आल्या. पुढचं सरळ नव्हतं. दिरांनी बोलणं टाकलं. सासूबाईंचा एक हिस्सा आहेच, त्या दिरांकडे राहतात, त्यामुळे तो प्रश्न सुटलेला नाही आणि सुटेल तेव्हा सासूबाईंचा वाटा त्यांना मिळायलाच हवा, त्याही बाईच आहेत. हे आपल्या कार्यकर्त्या कधीकधी विसरतात. घरखर्च भागत नव्हता, म्हणून त्यांनी फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं दिला आणि मायलेकी पाथर्डी फाट्याकडे एका खोलीत राहायला गेल्या. मुलगी अठराची होईपर्यंत विकायचं नाही, एवढं नक्की झालं. भाडेकरू आणून दिला तो आमच्या त्या एजंटबाईंनीच. एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतलं आणि मला म्हणाल्या, "पंचवीस लाखांवरची दलाली गेली माझी. पण बरं झालं, नंतर कोर्टात माझंच नाव आलं असतं."

हे सगळं लिहायचं कारण एवढंच की आपण या धंद्याकडे पाठ फिरवून बसलो आहोत. जमिनीचे दलाल म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण अडलेल्या बाईपर्यंत आपल्या आधी कोण पोचतं? एजंट. तेराव्यानंतर महिन्याभरात तो तिच्या दारात असतो. आपल्याकडे ती येते तेव्हा सही होऊन गेलेली असते, रोख रक्कम दिरा-भावाच्या कपाटात असते, आणि मग आपण दिवाणी दाव्याच्या तारखा मोजत बसतो. केंद्रात गेल्या काही वर्षांत आलेल्या मालमत्तेच्या किती प्रकरणांत आपण सहीच्या आधी पोचलो होतो, ते रजिस्टर काढून प्रत्येक गटानं बघावं. आमच्या रजिस्टरात मी बघितलं. आकडा लिहायची मला लाज वाटते.

सरकारी नियंत्रणावर भरवसा ठेवू नका. रेराचा कायदा २०१६चा, महारेराचं काम २०१७च्या मे महिन्यापासून सुरू. एजंटांना नोंदणी सक्तीची केली, आता तर प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. चांगलंच आहे. पण ती नोंदणी नव्या, नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. विधवेचा वीस वर्षांचा जुना फ्लॅट आणि बहिणींनी हक्क सोडलेलं शेत त्या चौकटीत येतच नाही, आणि बायका सगळ्यात जास्त नागवल्या जातात त्या तिथंच.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. अडलेल्या बाईला घर विकायचंच असतं, घेणाराच मिळाला नाही तर ती काय खाईल? बरोबर. विकणं हा तिचा हक्कच आहे, आणि प्रत्येक स्वस्त घरामागे लबाडी असते असं मी म्हणत नाही. म्हणून मी घर घेणार नाही अशी प्रतिज्ञाही केलेली नाही. पण घेणारी म्हणून मी काही गोष्टी विचारू शकते, आणि घेणाऱ्याच्या प्रश्नाला जेवढी किंमत असते तेवढी कार्यकर्तीच्या व्याख्यानाला नसते, हे मी या वयात शिकले. मालक गेला असेल तर वारस किती आणि मुली किती? पैसे कुणाच्या खात्यावर जाणार? मी तरी रोख देणार नाही, कारण रोख बाईच्या हातात पडत नाही. हक्कसोड झालं असेल तर बहिणीला मी स्वतः भेटेन, साडी घेऊन सही दिली की पैसे घेऊन हे तिच्या तोंडून ऐकेन. वकिलाला तीस वर्षांचा शोध अहवाल आपण देतोच करायला. त्यात कागदावर कोण होतं ते कळतं, कुणाला कागदावरून काढलं ते माणसांना विचारूनच कळतं. एजंटाला हे सगळं पहिल्याच भेटीत सांगून टाकावं. तो तुमची यादी लिहून घेतो ना, भाग, मजला, बजेट? त्याच यादीत हेही लिहायला लावायचं.

माझ्या एजंटबाईंनी लिहून घेतलं. कुरकुरल्या, पण लिहून घेतलं. आमच्या गटानं वारस, नॉमिनी आणि अज्ञान मुलांचा हिस्सा यांवर एक पानी पत्रक काढलं आहे. त्याचे शंभर कागद त्यांच्या स्कूटरच्या डिकीत आहेत. ज्या घरी जातात तिथं एक ठेवतात, असं त्या सांगतात. सगळीकडे ठेवत असतील असं नाही. मध्यंतरी त्यांच्यासारख्याच आणखी चार बायका, याच धंद्यातल्या, आमच्या बैठकीला आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "आम्हाला दलाल म्हणून बोलावलंत की बायका म्हणून?" चर्चा चांगली तासभर रंगली, समेट झाला असं म्हणवत नाही. पुढच्या महिन्यात त्या पुन्हा येणार आहेत.

पत्रक हवं असेल त्या गटांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. आपापल्या भागात हक्कसोड पत्राच्या आधी पोचायचा काही उपाय सापडला असेल तर तोही लिहून पाठवा. माझे पैसे अजून बँकेतच मुदत ठेवीत आहेत. घर शोधणं चालू आहे.